जुनी सातआसनी गाडी : स्वस्ताई किमतीत नव्हे, कागदात तपासा

मुंबई, खास प्रतिनिधी - गणपतीत कोकणात जायचे, दिवाळीनंतर कुलदैवताला आणि मे महिन्यात सगळ्यांना घेऊन महाबळेश्वरला. घरात आईवडील, दोन मुले आणि सोबतीला एखादी आत्या असली की पाच आसनांची मोटार अपुरी पडते. तीन रांगांची मधल्या श्रेणीतील नवी एसयूव्ही कर, विमा धरून रस्त्यावर येईपर्यंत वीस लाखांच्या आसपास जाते. साहजिकच मध्यमवर्गीय कुटुंबाची पावले जुन्या गाड्यांच्या बाजाराकडे वळतात. तेथे त्याच रुबाबाची गाडी निम्म्या किमतीत समोर उभी असते. मात्र ही निम्मी किंमत नेमकी कशाची, हा प्रश्न व्यवहाराच्या घाईत विचारला जात नाही, आणि पुढे मनस्ताप होतो तो बहुतेक वेळा तेथेच.

या बाजारात आज निवडीला वाव आहे. २०११ मध्ये आलेली आणि २०२१ मध्ये बंद झालेली महिंद्राची एक्सयूव्ही ५००, २०१६ पासूनची टोयोटा इनोव्हा क्रिस्टा, अल्पायुषी ठरलेली टाटा हेक्सा, २०२१ मधील नवी सफारी, ह्युंदाईची अल्काझार, एक्सयूव्ही ७०० आणि २०२२ मधील स्कॉर्पिओ-एन अशी ही यादी आहे. इनोव्हा आणि मारुतीची अर्टिगा काटेकोर अर्थाने एसयूव्ही नव्हेत, पण ग्राहक त्यांना याच पंक्तीत बसवतो. विक्रेता भाव सांगतो तो वर्ष आणि किलोमीटर या दोन आकड्यांवर. खरेदीदार प्रत्यक्षात विकत घेतो ते मात्र गाडीचे उरलेले कायदेशीर आयुष्य, तिच्या कागदांची स्वच्छता आणि तिसऱ्या रांगेत बसणाऱ्यांची सुरक्षितता. या तिन्ही गोष्टी जाहिरातीत नसतात.

'दिल्लीच्या गाडी'चे गणित

पुण्या-मुंबईच्या दलालांकडे हमखास ऐकू येणारा शब्द म्हणजे 'दिल्लीची गाडी'. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. पेट्रोल गाड्यांसाठी ही मर्यादा पंधरा वर्षांची. परिणामी आठव्या-नवव्या वर्षी तेथील डिझेल एसयूव्हीचा भाव कोसळू लागला आणि त्या गाड्या अन्य राज्यांकडे निघाल्या. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना दिल्लीतील पंपांवर इंधन नाकारण्याचा प्रयोग झाला. जनक्षोभामुळे तो काही दिवसांतच आवरता घ्यावा लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे मालकांवर कारवाई करण्यास मज्जाव केला. डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित करण्यात आले.

याचा अर्थ असा, की भाव कोसळण्याचे जे कारण होते, तेच बीएस-४ गाड्यांच्या बाबतीत सैल झाले आहे. तरीही 'दिल्लीची म्हणून स्वस्त' हे वाक्य आजही तितक्याच आत्मविश्वासाने ऐकवले जाते. ही स्वस्ताई तपासायची तर पुढचा खर्च त्यात मिळवला पाहिजे. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात ठेवायची असेल, तर मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र आणून येथे नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि येथील कर भरावा लागतो. महाराष्ट्रात दहा ते वीस लाख रुपये किमतीच्या डिझेल मोटारीला एकरकमी कराचा दर १४ टक्के आहे. सोळा लाखांच्या नव्या गाडीला तो २ लाख २४ हजार रुपये होतो. जुन्या गाडीला वयानुसार कमी होत जाणारी रक्कम द्यावी लागते, पण ती दुर्लक्ष करण्याजोगी नसते. मूळ राज्यातील कराचा परतावा मागता येतो. मात्र त्यासाठीच्या खेपा मोजूनच त्यावर भिस्त ठेवावी.

दुसरा मुद्दा उरलेल्या आयुष्याचा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि ही मुदत पहिल्या नोंदणीपासून मोजली जाते. राज्य बदलल्याने घड्याळ मागे जात नाही. नऊ वर्षांची गाडी घेतली तर हाती सहा वर्षे उरतात. त्यापुढे तपासणी, नूतनीकरण आणि वाढीव शुल्क आहे. मुंबई महानगर प्रदेशातील रहिवाशांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाची दखल घेत जानेवारी २०२५ मध्ये पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने हटवण्याच्या शक्यतेचा अभ्यास करण्यास सांगितले आणि राज्य सरकारने त्यासाठी समिती नेमली. अभ्यास म्हणजे बंदी नव्हे. पण जुनी डिझेल गाडी पाच वर्षांनी पुन्हा विकायची झाल्यास गिऱ्हाईक कोण असेल, हा विचार आजच करणे शहाणपणाचे.

नवी गाडी उतरली, जुनी का नाही?

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरील कराचा एकूण बोजा जीएसटी आणि उपकर मिळून ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. करपूर्व दहा लाखांची गाडी पंधरा लाखांऐवजी चौदा लाखांना मिळू लागली, म्हणजे किंमत साधारण पावणेसात टक्क्यांनी उतरली. जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या सावलीत ठरतो. सावली आखडली तर भावही उतरायला हवा. परंतु आपली गाडी मूळ किती रुपयांना घेतली होती, हेच विक्रेता पुनःपुन्हा सांगतो. खरेदीदाराने त्या जुन्या बिलाशी नव्हे, तर त्याच श्रेणीतील नव्या गाडीच्या आजच्या किमतीशी तुलना करावी.

जुन्या गाड्यांवरील १८ टक्के जीएसटीबाबतही गैरसमज आहेत. हा कर नोंदणीकृत व्यापाऱ्याला आणि तोही केवळ नफ्याच्या रकमेवर लागतो. आठ लाखांना घेतलेली गाडी नऊ लाखांना विकली तर कर एक लाखावर, म्हणजे अठरा हजार रुपये. संपूर्ण नऊ लाखांवर कर सांगणारा व्यापारी ग्राहकाच्या अज्ञानाचा फायदा घेत आहे, असे समजावे. दोन खासगी व्यक्तींमधील व्यवहाराला हा करच लागू नाही.

मालक कोण?

या व्यवहारात सर्वाधिक धोका आहे तो नावाच्या नोंदीत. गाडीचा ताबा, चावी आणि पैसे यांची देवाणघेवाण एका दुपारी होते. आरटीओतील नावबदल मात्र महिनोन् महिने रेंगाळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मधील एका निकालात स्पष्ट केले आहे, की अपघाताच्या भरपाईपुरता गाडीचा मालक तोच, ज्याचे नाव नोंदणीत आहे. गाडी त्या प्रकरणात एकापाठोपाठ एक अनेक हातांतून गेली होती, तरी जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच आली. म्हणजे नावबदलाची घाई विकणाऱ्याला अधिक हवी. घेणाऱ्याचे नुकसान वेगळ्या वाटेने होते. विक्रीनंतर तृतीय पक्ष विमा आपोआप नव्या मालकाकडे येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा येत नाही. त्यासाठी चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. 'नो क्लेम बोनस' हा गाडीचा नसून व्यक्तीचा असतो, त्यामुळे आधीच्या मालकाची सवलत आपल्याला मिळेल या भ्रमात राहू नये.

व्यापाऱ्यामार्फत खरेदी होत असेल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांची विचारणा करावी. त्यानुसार जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने आरटीओकडून प्राधिकार घेणे आणि गाडी ताब्यात आल्याची नोंद करणे अपेक्षित आहे. तशी नोंद असेल तर मधल्या काळातील जबाबदारी व्यापाऱ्याची ठरते. नसेल, तर तो केवळ मध्यस्थ आहे आणि पुढे काही झाल्यास तो हात वर करील. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा अर्ज क्रमांक ३५ हाती आल्याखेरीज शेवटचा हप्ता देऊ नये. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीची नोंदणी, विमा, कर्ज आणि थकीत ई-चलान पाहता येते. या तपासणीला पंधरा मिनिटेही लागत नाहीत.

टुरिस्ट आणि पुराच्या गाड्या

सातआसनी गाड्यांचा मोठा ग्राहक म्हणजे टूरचा व्यवसाय. त्यामुळे पिवळ्या पाटीची गाडी पुढे खासगी नोंदणीत येऊन पांढऱ्या पाटीने विक्रीस येणे मुळीच दुर्मिळ नाही. यात बेकायदा काही नाही. लपवाछपवी मात्र असते. मीटरवरील आकडा मागे फिरवता येतो, पण सर्व्हिस सेंटरमधील नोंदी, टायरवरील उत्पादनाचा आठवडा, झिजलेले पेडल आणि चालकाच्या आसनाची खचलेली बाजू सहसा खरे बोलतात. सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे स्टिअरिंग गुळगुळीत झाले असेल, तर प्रश्न विचारावा.

दुसरा धोका पुराचा. २६ जुलै २००५ ची मुंबई, ऑगस्ट २०१९ चे सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ चे चिपळूण यांनी पाण्यात गेलेल्या मोटारींचे काय होते, हे महाराष्ट्राला दाखवले आहे. विमा कंपनी नुकसान भरून देते, गाडी लिलावात जाते, दुरुस्त होते आणि दूरच्या शहरात विकली जाते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. पुराची रेषा तेथे दिसते. आसनांच्या लोखंडी पट्ट्यांवरील गंज, सतरंजीखालचा ओलसर वास आणि फ्यूजच्या पेटीतील माती हीही लक्षणे.

इंजिनाच्या बाबतीत १ एप्रिल २०२० ही तारीख महत्त्वाची. त्यानंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी जाळी असते. गाडी अधूनमधून वेगाने लांब पल्ल्यावर धावली तर ती स्वच्छ राहते. रोज तीन किलोमीटरवरील शाळा आणि बाजार एवढाच वापर असेल तर ती तुंबते आणि खर्च भारी पडतो. अशा कुटुंबाने पेट्रोल गाडी पाहावी. मात्र एप्रिल २०२३ पूर्वीची असल्यास २० टक्के इथेनॉल मिश्रित इंधनाबाबत कंपनीचे म्हणणे आधी विचारून घ्यावे.

शेवटच्या रांगेतील मुले

एवढे सारे पाहूनही एक गोष्ट राहून जाते, आणि खरे तर सुरुवात तेथून व्हायला हवी. तिसऱ्या रांगेत बहुधा मुलेच बसतात. जुन्या बोलेरो, सुमो, सफारी आणि स्कॉर्पिओच्या अनेक आवृत्त्यांत मागे समोरासमोरची बाके होती. तेथे पट्ट्याचा आधार नाही, डोक्यामागे टेकू नाही आणि पाठीमागे फक्त काच. अशा गाडीला सात किंवा नऊ आसनांची म्हणणे कागदोपत्री बरोबर असेल, पण महामार्गावर मुलांना तेथे बसवणे हा शुद्ध जुगार आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते मागील आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. महागडी गाडीही पट्ट्याची जागा घेऊ शकत नाही, हा त्या दुर्घटनेचा धडा.

सुरक्षा चाचणीतील ताऱ्यांचाही अर्थ समजून घ्यावा. ते तारे विशिष्ट वर्षाच्या, विशिष्ट आवृत्तीच्या गाडीला मिळालेले असतात. शिवाय चाचणीत मोठ्यांच्या प्रतिकृती पुढे आणि मुलांच्या दुसऱ्या रांगेत ठेवल्या जातात. तिसऱ्या रांगेची परीक्षा त्यात होत नाही. म्हणून ती परीक्षा खरेदीदारालाच घ्यावी लागते. तिसऱ्या रांगेत तीन बिंदूंचे पट्टे आहेत का, डोक्यामागचे टेकू वर येतात का, मागच्या काचेपासून डोके किती अंतरावर राहते, बाजूच्या पडदा-एअरबॅग तेथवर पोहोचतात का, वातानुकूलनाची हवा येते का, हे तेथे बसूनच पाहावे. चाचणीफेरी एकट्याने घेऊ नये. घरातील सातही जणांना बसवून एखादा चढ चढून पाहावा. तिसरी रांग उघडल्यावर दोन बॅगाही मावत नाहीत, हे पुष्कळांना गावाला निघतानाच कळते.

जुनी गाडी घेणे यात कमीपणा काही नाही. योग्य गाडी मिळाली तर तो कुटुंबाच्या पैशाचा उत्तम विनियोग आहे. सरकारनेही विम्याच्या प्रत्येक नूतनीकरणावेळी किलोमीटरची नोंद सक्तीची करून ती सर्वांना पाहता येईल अशी व्यवस्था केली, तर मीटर फिरवण्याचा धंदा बराच आटोक्यात येईल. तोवर ग्राहकाने आपला क्रम बदलावा. आधी तिसरी रांग, मग कागद, मग इंजिन आणि सर्वांत शेवटी किंमत. बाजारात आज हा क्रम नेमका उलटा चालतो आणि दलालाचा नफा त्या उलट्या क्रमावरच उभा आहे.