बर्नर गॅरेजमधून बाहेर काढा

अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्या आपल्या सगळ्या मराठी मंडळींना ही कळकळीची विनंती आहे. थंडी तोंडावर आली आहे, म्हणून ती आत्ताच करतो आहे. प्रोपेनवर चालणारा तुमचा मोठा बर्नर गॅरेजमध्ये, तळघरात किंवा काचा लावून बंद केलेल्या पोर्चमध्ये पेटवू नका. दार उघडं ठेवून नको, पंखा लावून नको आणि ‘फक्त उकळी येईपर्यंत’ म्हणूनही नको.

नोव्हेंबरचा पहिला शनिवार अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन नवशिक्यांना बिअर करायला शिकवण्याचा दिवस म्हणून पाळते. त्या सुमारास नवं सामान घरात येतं आणि नेमकी तेव्हाच शिकागो, डेट्रॉइट, न्यू जर्सीकडे बोचरे वारे सुरू होतात. उन्हाळाभर मागच्या अंगणात असलेला बर्नर मग गॅरेजच्या दाराशी येतो, तिथून दोन पावलं आत सरकतो, आणि पाऊस किंवा बर्फ सुरू झाला की गॅरेजच्या मधोमध जाऊन बसतो. मला भीती वाटते ती या दोन पावलांची.

छंद कायदेशीर आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतः तो करतो. 1978 साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे घरगुती बिअरला केंद्राची परवानगी मिळाली. एका प्रौढाला वर्षाला 100 गॅलन, घरात दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर 200. अलाबामा आणि मिसिसिपी ही शेवटची राज्यंही 2013 मध्ये राजी झाली. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं कायद्यात बसत नाही, त्यामुळे तिथल्या नातेवाइकांनी हे वाचून प्रयोग करू नयेत.)

आता बर्नरचं बघू. नेहमीची खेप पाच गॅलनची, म्हणजे एकोणीस लिटरची. त्यासाठी सुरुवातीला पंचवीसेक लिटर वर्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं गोड पाणी, तासभर खळखळून उकळावं लागतं. स्वयंपाकघरातल्या गॅसला ते झेपत नाही. त्याच्या एका बर्नरची ताकद साधारण 9 ते 15 हजार बीटीयू असते, तर बाहेरच्या बर्नरची 50 हजारांपासून पुढे. 60 हजारांचा मध्यम बर्नर धरला, तरी तो तासाला सव्वा किलोच्या आसपास प्रोपेन जाळतो आणि तेवढं नीट जळायला सुमारे 16 घनमीटर हवा लागते. दोन गाड्यांच्या गॅरेजमध्ये सगळी मिळून 100 घनमीटर हवा. म्हणजे दारं बंद असतील तर तासाभरात खोलीतल्या ऑक्सिजनचा सहावा हिस्सा संपला. धान्य भिजवायचं पाणी तापवणं, ते धुवायचं पाणी तापवणं आणि मग तासाची उकळी, असा सगळा हिशोब केला तर बर्नर दोन तासांच्या वरच चालतो. ज्योत बिघडायला इतकं काही व्हावं लागत नाही. ऑक्सिजन थोडा कमी पडला की प्रोपेन अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. शिवाय थंड पाण्याने भरलेल्या भल्यामोठ्या भांड्याच्या बुडाला ज्योत आपटली, तर ती तिथेच निवते आणि अर्धवट जळण तिथूनही होतं. भांड्याच्या बुडाला काजळी धरते, ज्योतीला पिवळी टोकं येतात, ती याचीच खूण.

‘पण मी दार उघडं ठेवतो,’ असं जवळपास प्रत्येक जण सांगतो. गॅरेजचं दार उघडतं कसं ते आठवा. ते खालून वर जातं. थंडी आत येऊ नये म्हणून आपण ते दोन-तीन फूट उचलतो, म्हणजे फट राहते जमिनीलगत. जळून निघालेला वायू मात्र गरम असतो, तो छताकडे चढतो आणि वरच साठून राहतो. दार पूर्ण उघडलं तरी वारा समोरून असेल तर तोच वायू मागे ढकलला जातो, आणि मागे घरात जायचं दार असतं. अनेक घरांत गॅरेजच्या वर झोपायची खोली असते. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा बऱ्याचदा तिथेच राहतात. दुपारी त्यांचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं, तर आपण प्रवासाचा शीण म्हणू, रक्तदाबाची गोळी चुकली का विचारू. खाली पेटलेल्या बर्नरचा विचार कुणाच्या मनात येणार नाही.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो, त्यामुळे थोडासाही पुरतो. आपल्या गावाकडे बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. तिथे जीव घेणारा वायू हाच. अमेरिकेत आगीचा संबंध नसलेल्या अशा अपघाती विषबाधेने दरवर्षी चारशेहून जास्त माणसं मरतात आणि लाखभराहून जास्त लोकांना इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जावं लागतं, असं इथल्या रोग नियंत्रण केंद्राचं, म्हणजे सीडीसीचं सांगणं आहे. तेच केंद्र आणखी एक गोष्ट सांगतं, ती आपण सगळ्यांनी नीट ऐकावी. झोपलेला किंवा दारू प्यायलेला माणूस लक्षणं कळण्याआधीच दगावू शकतो. बिअर करता करता मागच्या खेपेची बाटली उघडणं ही या छंदातली प्रेमाची रीत आहे, पण ज्योत विझेपर्यंत ती बाटली बंदच राहू द्या.

घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ. त्याच्या भरवशावर बर्नर मात्र आत आणू नका. 70 पीपीएमला हा अलार्म एका तासाआधी वाजत नाही, चार तासांपर्यंत कधीही वाजू शकतो. तो तसाच बनवलेला असतो. डोकं दुखू लागलं किंवा अलार्म वाजला, तर आवरत बसू नका. सगळ्यांना उघड्यावर न्या आणि तिथूनच 911 ला फोन करा.

दुसरा धोका अगदी उलट बाजूने येतो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो, त्यामुळे गळलेला गॅस जमिनीवर पसरतो आणि उताराने तळघराकडे जातो. पाणी तापवायचा बंब अनेकांच्या गॅरेजमध्ये किंवा तळघरात असतो, आणि त्याची ज्योतही खालीच असते. गॅस गळायला नळी फाटावी लागत नाही. वर्टला पहिली उकळी येते तेव्हा प्रथिनांचा जाड फेस एकदम वर चढतो. हॉप्स टाकल्यावर पुन्हा चढतो. दूध उतू गेलं की गॅस विझतो, तसंच इथेही होतं, फक्त भांडं पंचवीस लिटरचं असतं आणि बाहेर वापरायच्या बऱ्याच बर्नरना ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी सोय नसते. गॅस वाहतच राहतो. म्हणून उकळीच्या वेळी भांड्यापासून हलू नका, आच आधीच कमी करा, फेसावर मारायला पाण्याचा फवारा हाताशी ठेवा. उकळता वर्ट साखरेमुळे कातडीला चिकटतो आणि साध्या पाण्यापेक्षा खोल भाजतो, तेव्हा पायात बंद बूट असू द्या. भरलेलं गरम भांडं उचलून नेऊ नका. आत तांब्याची नळी बुडवून, तिच्यातून गार पाणी खेळवून ते जागेवरच गार करा. मुलं आणि कुत्री त्या वेळी घरात.

बर्नरबरोबर आलेलं माहितीपत्रक एकदा काढून वाचा. ‘फक्त बाहेर वापरण्यासाठी’ असं त्यावर लिहिलेलं असतं, आणि घरापासून किंवा कुठल्याही पेट घेणाऱ्या वस्तूपासून किमान दहा फूट लांब ठेवायला सांगितलेलं असतं. लाकडी डेक हीसुद्धा पेट घेणारी वस्तू आहे. सपाट काँक्रीट किंवा मोकळी जमीन बघा. दर वेळी जोडणीवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा. थंडीत सिलिंडरवर दव गोठतं आणि ज्योत मंदावते, कारण द्रव प्रोपेनची वाफ होताना तो स्वतःच गारठतो. अशा वेळी सिलिंडरला ऊब द्यायच्या भानगडीत पडू नका आणि तो आत तर आणूच नका. दुसरा भरलेला लावा, नाहीतर तो दिवस सोडून द्या.

ज्यांना हिवाळाभर घरातच बिअर करायची आहे त्यांच्यासाठी विजेचा मार्ग आहे, आणि माझ्या मते तोच धरावा. 240 व्होल्टवर चालणारी 5,500 वॉटची कॉइल पंचवीस लिटर वर्ट 65 अंशांवरून उकळीला अकरा-बारा मिनिटांत नेते, कारण ती पाण्यातच बुडलेली असते. बर्नरची निम्म्याहून अधिक उष्णता भांड्याच्या कडेने हवेत जाते. जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून आणि जीएफसीआय, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारं उपकरण, लावूनच करून घ्या, आणि वाफ बाहेर जायची सोय करा. तासाला चारेक लिटर पाणी उडतं. एवढा खर्च नको असेल तर एक-दोन गॅलनची छोटी खेप स्वयंपाकघरातल्या गॅसवर, वरचा पंखा लावून, छान होते.

आणि ही गोष्ट बिअर करणाऱ्यांपुरती नाही. हेच बर्नर आपण महाप्रसादाच्या भातासाठी, मंडळाच्या सहलीच्या मिसळीसाठी आणतो. पाऊस आला की तेही कुणाच्या तरी गॅरेजमध्ये सरकवले जातात. महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणींनी स्वयंपाकाची जागा ठरवतानाच पावसासाठी सोय करावी. चारी बाजूंनी बंद तंबू ही ती सोय नव्हे.

गॅरेजमध्ये बर्नर लावणारं कुणीतरी तुमच्या ओळखीत असेलच. येत्या शनिवारच्या आत त्याला फोन करा, आणि त्याच्या घरी अलार्म आहे का, तो दहा वर्षांपूर्वीचा तर नाही ना, हेही विचारा.