सातव्या महिन्यातली साखर

‘सूचना पाळत नाही.’ गरोदरपणात मधुमेह आढळलेल्या स्त्रीच्या केसपेपरवर हा शेरा आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी लिहिला असेल. तो लिहिला की आपली जबाबदारी संपल्यासारखी वाटते. ती सूचना का पाळत नाही, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

उत्तर बहुधा तिच्या समजुतींत असते. “मला काहीच त्रास होत नाही, मग आजार कसला?” “मी तर बारीक आहे.” “साखर बंद केली, गूळ चालतो ना?” “सुई एकदा सुरू झाली की जन्मभर सुटत नाही.” ही वाक्ये अडाणीपणाची नाहीत, अनुभवातून आलेली आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना इन्शुलिन सुरू झालेले तिने पाहिले ते आजार हाताबाहेर गेल्यावर. मग सुई म्हणजे शेवट, असे तिला वाटले तर नवल नाही. बारीक माणसाला मधुमेह होत नाही, हा समजही असाच. पण बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने ठसवले.

१९५०च्या दशकात अमेरिकेत क्षयाच्या तपासणीसाठी एक्स-रेची सोय दारापर्यंत नेली, तरी लोक येईनात. त्याचे कारण शोधताना तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी आरोग्य-समजुतींचे प्रारूप मांडले. धोका मला आहे का, तो किती गंभीर आहे, उपायाने फायदा होईल का आणि आड काय येते, या चार प्रश्नांवर माणसाचे वागणे ठरते. ‘हे मला जमेल का’ हा पाचवा प्रश्न पुढे त्यात आला. आपला आहारतक्ता यांपैकी एकाचेही उत्तर देत नाही.

वेळही आपल्या विरुद्ध असते. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान करायची, आणि दोन तासांनी साखर १४० किंवा जास्त आली तर निदान पक्के. ही दुसरी चाचणी येते नेमकी सातव्या महिन्याच्या सुमारास. तेव्हा घरात डोहाळजेवणाची तयारी असते, ताटात लाडू असतात आणि पहिलटकरीण माहेरी निघालेली असते. सल्ला ऐकला सासूने, स्वयंपाक करणार आई. ताट वाढणाऱ्या हाताला तपासणीच्या खोलीत बोलावल्याशिवाय ‘दोन जिवांचं खा’ हा आग्रह थांबणार नाही.

भीती घालणे हा तर उलटा उपाय आहे. “बाळाला धोका आहे” एवढेच ऐकून घरी गेलेली स्त्री कधी कधी रात्रीचे जेवणच सोडते. तिला सांगायला हवे की तीन जेवणे आणि मधली दोन-तीन छोटी खाणी चुकवायची नाहीत. बदलायचे आहे ते ताटातले प्रमाण. दोन आठवडे आहार सांभाळूनही जेवणानंतर दोन तासांची साखर १२० किंवा त्याहून जास्त राहिली आणि औषधाची वेळ आली, तर वारेचे काम साध्या शब्दांत समजावावे. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, टोचलेले इन्शुलिन जवळजवळ जात नाही. म्हणजे सुई बाळाला लागत नाही, ती बाळाकडे जाणारी जादा साखर अडवते. बहुतेकींचे इन्शुलिन बाळंतपणानंतर थांबते, हेही त्याच वेळी सांगावे.

समजूत वादाने बदलत नाही, स्वतःच्या आकड्याने बदलते. उपवासाच्या साबुदाण्याने साखर वाढत नाही असे तिला वाटत असेल, तर खिचडी खाल्ल्यावर दोन तासांनी तिलाच मोजू द्यावे. ग्लुकोमीटर हे आपल्याकडचे सर्वांत सौम्य समुपदेशन आहे.

“बाळंतपण झालं की जाईल” ही समजूत मात्र अर्धी खरी असल्यामुळे अधिक घातक ठरते. साखर बहुधा उतरते, पण पुढे टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता इतर स्त्रियांपेक्षा कित्येक पटींनी जास्त राहते. म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी हवी. तेव्हा ती नुकती सव्वा महिन्यातून उठलेली असते आणि स्वतःसाठी दवाखान्यात येत नाही. बाळाच्या सहा आठवड्यांच्या लसीसाठी मात्र ती हमखास येते. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी आईचीही चाचणी करावी.

आमची वाचकांना विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी तक्ता हातात देण्यापूर्वी तिला विचारा, “तुम्हाला हा आजार कशानं झाला असं वाटतं? आणि घरी स्वयंपाक कोण करतं?” तिची उत्तरे केसपेपरवर लिहा. ‘सूचना पाळत नाही’ या शेऱ्याच्या जागी.