छंदाची बैठक : धुराचा डाग कोठें द्यावा?

एका वाचक भगिनींचें पत्र आम्हांस गेल्या महिन्यांत आलें. त्या लिहितात, "आमच्या धाकट्या मुलानें डीझेल इंजिनाची एक लहानशी प्रतिकृति विकत आणली. आणली तेव्हां ती नवी, चकचकीत, पाहणाऱ्याचें मन प्रसन्न करणारी होती. तीन महिने झाले, हा तिच्या पाठीस लागला आहे. आधीं पात्यानें तिचे कठडे तासून काढले, मग तारेचे नवे बसविले, आणि परवां तर तिच्यावर गंजाचा रंग फासला! चांगली वस्तु मुद्दाम जुनी करण्यांत कोणता पुरुषार्थ आहे, हें आपण आपल्या सदरांतून सांगावें."

पत्र वाचून आम्हांस हंसूं आलें, तें त्या भगिनींचें नव्हे, आमचेंच. आमच्या घरींही हाच प्रकार चालू आहे. माजघरांतील जेवणाच्या मेजाचा अर्धा भाग पुतण्यानें बळकावला असून तेथें तारा, चिमटे आणि रंगाच्या बाटल्या यांचें राज्य आहे. तें सर्व उचलून माळ्यावर टाकण्याची धमकी वहिनींनीं दोनदां दिली. तेव्हां हा विषय आम्हांस पुस्तकांतून शिकावा लागला नाहीं. ताटावर बसल्या बसल्याच शिकतां आला.

पुतण्यानें हातीं घेतलेलें इंजिन म्हणजे डब्ल्यूडीएम-२. यांतील पहिलें अक्षर ब्रॉडगेजचें, दुसरें डीझेलचें, आणि तिसरें हें इंजिन प्रवासी व माल अशा दोन्ही गाड्या ओढणारें आहे एवढें सांगणारें. अमेरिकेंतील अल्को कंपनीकडून हीं इंजिनें १९६२ सालीं प्रथम आपल्याकडे आलीं आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यांत होऊं लागलीं. सोळा सिलिंडरें, २,६०० अश्वशक्ति आणि सुमारें ११३ टन वजन. पुण्याहून मुंबईकडील मार्ग फार पूर्वींच विजेवर गेला होता. परंतु दौंड-सोलापूरच्या वाटेवर अनेक दशकें डीझेलचाच अंमल होता. त्या वाटेनें ज्यांनीं प्रवास केला असेल, त्यांच्या कानांत या इंजिनाचा धपधप आवाज अजून असेल.

आतां हें सतरा मीटर लांबीचें धूड मेजावर आणावयाचें म्हणजे सत्त्याऐंशीनें भागावयाचें. हौशी मंडळींत १:८७ हें प्रमाण रूढ आहे. त्याला एचओ माप म्हणतात. या मापानें आमचें इंजिन १९७ मिलिमीटरांचें, म्हणजे वीतभर होतें. येथेंच पहिली अडचण. आपल्या ब्रॉडगेज रुळांतील अंतर १,६७६ मिलिमीटर. त्याचा सत्त्याऐंशीवा भाग सव्वाएकोणीस मिलिमीटर. परंतु बाजारांत मिळणारे या मापाचे रूळ युरोप-अमेरिकेंतील १,४३५ मिलिमीटरांच्या मार्गावरून बेतलेले, साडेसोळा मिलिमीटरांचे. म्हणजे एकही बारकावा बसविण्यापूर्वींच पावणेतीन मिलिमीटरांची लबाडी पदरांत पडते. सर्व कांहीं हुबेहूब करणें शक्य नाहीं, हें मान्य करूनच कारागिरानें कामास बसावें. मग प्रश्न उरतो तो निवडीचा : काय राखावयाचें आणि काय सोडावयाचें?

कठडे तासण्याचें कारण याच हिशेबांत आहे. खऱ्या इंजिनाच्या कठड्याचा दांडा तीन सेंटिमीटर जाडीचा धरला, तर प्रतिकृतींत तो मिलिमीटरच्या एक-तृतीयांशाएवढाच हवा. सांच्यांतून निघालेलें प्लॅस्टिक इतकें बारीक टिकत नाहीं. म्हणून कारखानदार तो जाड करतो, किंवा भिंतीवर नुसती उंचवट्याची रेघ काढून मोकळा होतो. पात्यानें ती रेघ खरवडावी, बोटांनीं फिरवावयाच्या हातड्रिलनें बारीक भोंकें पाडावीं आणि पितळी तार वांकवून बसवावी. मागें पुठ्ठ्याचा तुकडा धरला म्हणजे सर्व दांडे भिंतीपासून सारख्या अंतरावर राहतात. कठड्याची सांवली कवचावर पडूं लागली कीं, इंजिनाला खरेपणा आलाच.

याहून मौजेची गोष्ट बफरांशेजारील नळ्यांची. प्रारंभींच्या काळांत गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक असत : नळींतील हवा ओढून घेतली कीं ब्रेक सुटे, आणि हवा आंत शिरली कीं लागे. त्याची नळी जाड. पुढें दाबलेल्या हवेवर चालणारे एअर ब्रेक आले. त्यांच्या नळ्या बारीक, आणि प्रत्येकीच्या मुळाशीं तोटी. ज्या इंजिनांना असे ब्रेक मागाहून बसविले, त्यांना २ए म्हणूं लागले. जीं कारखान्यांतूनच तशीं बाहेर पडलीं, तीं २बी. नळी चुकली म्हणजे काळ चुकला! तीच गोष्ट छपरावरील पिवळ्या लुकलुकत्या दिव्याची. गाडी घसरली वा तुटली तर समोरून येणाऱ्या गाडीस सावध करण्यासाठीं हा दिवा मागाहून आला. तो व्हॅक्यूमच्या काळांतील इंजिनावर बसविणें म्हणजे पेशव्यांच्या मनगटावर घड्याळ बांधणें होय. म्हणून या छंदांतील जाणते सांगतात कीं, 'एक डब्ल्यूडीएम-२' करूं नये. अमुक क्रमांकाचें, अमुक शेडचें, अमुक वर्षींचें इंजिन करावें, आणि त्याचीं छायाचित्रें चारी बाजूंनीं जमविल्यावांचून पात्यास हात लावूं नये.

पुतण्यानें हें सारें केलें. नंतर रंगाची पाळी आली. त्यानें काळा रंग पातळ करून सर्वांगास चोपडला, वर तपकिरी शिंतोडे दिले, आणि मोठ्या अभिमानानें तें इंजिन आमच्या वडील बंधूंपुढें, अण्णांपुढें ठेवलें.

अण्णांची हयात डीझेल इंजिनें चालविण्यांत गेली. परंतु निवृत्त झाल्यापासून ते रेल्वेचें नांव काढीत नसत. ज्या इंजिनांवर दिवस आणि रात्री काढल्या तीं भंगारांत निघालीं, हें ऐकल्यावर तर त्यांनीं स्टेशनाकडे फिरावयास जाणेंही सोडलें. त्यांनीं भिंग लावून प्रतिकृति बराच वेळ निरखली आणि म्हणाले, "अरे, तार छान बसवली आहेस. पण हें इंजिन कधीं धावलेलें नाहीं. हें नुसतें मळलेलें आहे."

मुलाचें तोंड उतरलें. तो कांहीं बोलला नाहीं, परंतु दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं वही घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "अण्णाकाका, मग धूर कोठें लागे, तें सांगा."

त्या संध्याकाळपासून पंधरा दिवस आम्ही जें ऐकलें, तें त्यापूर्वींच्या पंधरा वर्षांत ऐकलें नव्हतें. जड गाडी हलवितांना इंधन वाढवावें, तों टर्बोचार्जरला वेग घेण्यास अवकाश लागे. तेवढ्या वेळांत हवा अपुरी पडून तेल अर्धवट जळे आणि काळा लोट निघे. म्हणून काजळी छपरावर, धुरांड्याभोंवतीं दाट. बाजूंवर मात्र पावसानें ओघळलेल्या बारीक रेघा. बोगीवर काळा रंग नव्हे, तांबूस तपकिरी. कारण ब्रेकचे लोखंडी ठोकळे चाकांवर घासून त्यांची पूड तेथें बसते. तेलाच्या टांकीवर भरण्याच्या तोंडाखालीं ओला, चमकदार ओघळ. पुढील कांचेवर धूळ, पण पुसणीनें पुसलेला पंख्यासारखा भाग स्वच्छ. "आणि दारापाशींचा दांडा पाहा," अण्णा म्हणाले, "त्याला गंज कधीं नसे. हात लागून लागून तो झिजलेला असे. पायऱ्यांचेंही तसेंच, मध्यें पायानें झिजलेल्या, कडांना धूळ."

पुतण्यानें सर्व रंग उतरविला आणि पुन्हा आरंभ केला. कोरड्या रंगीत खडूची पूड कांचकागदावर पाडून ती मऊ कुंचल्यानें छपरावर बसविली आणि वर निस्तेज व्हार्निशचा हात दिला. कांचेवर पंख्याच्या आकाराची चिकटपट्टी लावून धुळीचा फवारा मारला व पट्टी काढली. टांकीवरील ओघळाला तेवढें चकचकीत व्हार्निश. दांड्यावर आणि पायऱ्यांच्या मध्यावर, जवळजवळ कोरड्या कुंचल्यानें पोलादी रंगाचा नुसता स्पर्श. पहिल्या खेपेपेक्षां रंग निम्म्याहून कमी लागला. (व्हार्निशचा फवारा मारतांना खिडकी उघडी ठेवावी, आणि पात्याचें तोंड आपल्या बोटांकडे कधीं नसावें, एवढें घरच्या वडील माणसांनीं पाहावें.)

त्या भगिनींस आमचें उत्तर एवढेंच कीं, आपला मुलगा चांगली वस्तु बिघडवीत नाहीं. कोणता डाग कोणत्या कामामुळें पडतो, हें तो पाहावयास शिकत असेल, तर त्याचे तीन महिने सत्कारणीं लागत आहेत. न पाहतां रंग फासत असेल, तर अण्णांचें वाक्य त्यास ऐकवावें. आपल्या ब्रॉडगेज मार्गांचें विद्युतीकरण आतां बहुतेक पुरें झालें आहे आणि डब्ल्यूडीएम-२ जवळजवळ दिसेनाशीं झालीं आहेत. इंजिनांचीं मापें कागदांवर राहतील. परंतु कोणता दांडा हातानें झिजे, हें ज्यांच्या हातांनीं तो झिजला त्यांनाच ठाऊक. अशीं माणसें अनेक घरांत आहेत, आणि त्यांस कोणी विचारीत नाहीं. पुण्याच्या मंडळींनीं मुलांस कोथरुड येथील जोशी यांचें छोट्या रेल्वेंचें संग्रहालयही अवश्य दाखवावें. तें १९९८ पासून चालू आहे.

आमच्याकडील इंजिन आतां दिवाणखान्यांतील फडताळांत आहे. कवच कायमचें चिकटविण्यापूर्वीं अण्णांनीं विचारलें, "पेटी ठेवलीस का रे आंत?" ड्रायव्हर आपलें सामान ज्या पत्र्याच्या पेटींतून नेई, ती. मुलानें सहा मिलिमीटरांची पेटी करून कॅबमध्यें जमिनीवर बसविली. कवच लागल्यावर ती बाहेरून मुळींच दिसत नाहीं. अण्णा मात्र आल्यागेल्यास तें इंजिन दाखवितात, आणि पेटी कोठें आहे हें प्रत्येकास सांगतात.