बाटलीवरचं नाव आणि सातबारा



27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. तेव्हापासून आपल्या बैठकांत एक प्रश्न हमखास निघतो. याला विरोध करायचा ना? बाटली आडवी करण्यासाठी गावातल्या निम्म्याहून अधिक बायकांची मतं गोळा करताना काय दमछाक होते, हे आपल्याला माहीत आहे. त्यामुळे बहुतेकींचं उत्तर तयारच असतं. माझंही आहे. घरात मार खाणाऱ्या बाईला बाटलीतली द्राक्षं आणि मोह यांतला फरक काय सांगणार?

पण सरकारने दिलेलं कारण मला सोडवत नाही. वाइनमुळे शेतकऱ्याचं भलं होतं, म्हणे. हा शेतकरी कोण?

कारध्यात वैनगंगेच्या काठी धान पिकतं, वाइनची द्राक्षं पिकतात ती दूर नाशिककडे. तिथे काही वायनरी घरच्या माणसांनी उभ्या केल्या. गंगापूर धरणाजवळची ‘यॉर्क’ त्यांपैकी एक. गुरनानी कुटुंबाने ती काढली आणि योगिता, रवी, कैलास या भावंडांच्या आद्याक्षरांवरून इंग्रजी नाव ठेवलं. मुलीचं अक्षर पहिलं, हे मला आवडलं! शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या काळ्या द्राक्षांची, ओकच्या पिंपात मुरवलेली ‘अ‍ॅरोस’ ही तिथली दमदार लाल वाइन. 2021 साली ही वायनरी ‘सुला’ या मोठ्या कंपनीत गेली.

लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. म्हणून रस साली-बियांसकट आंबवतात, आणि म्हणूनच घड निरोगी, पुरता पिकलेला लागतो. तो तसा यावा म्हणून वर्षातून दोनदा छाटणी, मग काड्या बांधणं, जादा फुटवे काढणं आणि जानेवारीपासून तोडणी. छाटणीची कात्री बहुधा पुरुषाच्या हातात असते आणि तिची मजुरीही जास्त. बांधणी, खुडणी, निवडणी बायकांकडे, कारण त्यांची बोटं नाजूक म्हणे! समान कामाला समान वेतनाचा कायदा 1976 साली झाला, तर कामंच वेगळी ठरवून टाकली.

ही झाली मजूर बाई. ज्या घरची बाग आहे त्या घरातली बाईही तिथेच राबते, फक्त तिला मजुरी नसते. ‘कौटुंबिक व्यवसाय’ हा शब्द ऐकायला गोड आहे. पण कुटुंब सातबाऱ्यावर सही करत नाही, माणूस करतो. मी कुठल्या एका घराबद्दल बोलत नाही. आपल्याकडच्या धानाच्या बांधीतही हेच चालतं.

याच नाशिक जिल्ह्यात, चांदवडला, 1986 साली शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन भरलं होतं. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली: नवऱ्याने जमिनीचा वाटा बायकोच्या नावे करायचा. 1994 साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला, देशाचा कायदा त्यानंतर 11 वर्षांनी आला. तरी हक्कसोडपत्रावर सही करून, साडीचोळी घेऊन परत जाणाऱ्या बहिणी आपण दर उन्हाळ्यात पाहतो.

आता आपल्या दारातलं. चैतात पहाटे उठून मोहफुलं वेचते ती बाईच. 2021 साली ती गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंध शिथिल झाले, पण ती चुलीवर चढवली की गुन्हा, धाड आणि जामिनासाठी कर्ज. द्राक्षं आंबवणाऱ्याला मात्र 2001 सालच्या धोरणाने उत्पादनशुल्काची सूट दिली, विंचूरला वाइन पार्क दिला. मोहाची दारू गाळायला मोकळीक द्या, असं मी म्हणत नाही. तिने संसार किती मोडले, ते तुम्हीच मला सांगितलंय. पण एकाला उद्योजक आणि दुसरीला आरोपी म्हणणारं सरकार जेव्हा दोघांच्याही वतीने ‘शेतकरी’ हा शब्द वापरतं, तेव्हा दुकानातल्या बाटलीला विरोध करून आपलं काम संपत नाही.

पुढच्या अंकासाठी एक करा. लक्ष्मीमुक्तीच्या वेळी तुमच्या गावात ज्या बायकांच्या नावे जमीन झाली, ती आज कुणाच्या नावे आहे, हे तलाठ्याकडून उतारा काढून पाहा आणि आम्हाला कळवा. उतारा मिळायला किती खेटे घालावे लागले, तेही लिहा.