म्हणे, या वयात चैन!

म्हाताऱ्या माणसांनी प्रवास करू नये, असे आपल्याकडे कोणीच म्हणत नाही. उलट त्यांनी पुष्कळ हिंडावे, अशीच सर्वांची इच्छा असते. फक्त त्या हिंडण्यात त्यांचे थोडे हाल झाले पाहिजेत, एवढीच अट. शेगावहून पंढरपूरला पायी निघालेली सत्तरीची बाई पाहिली की आमचे डोळे भरून येतात. तिच्या श्रद्धेपुढे मीही हात जोडतो. लेकीच्या बाळंतपणासाठी अकोल्याहून थेट न्यू जर्सी गाठून सहा महिने नातवाचे दूध-दुपटे करणारी आजी तर साऱ्या आळीच्या कौतुकाचा विषय! पण हीच बाई आपल्या नवऱ्याबरोबर आठ दिवस डॅन्यूब नदीतल्या बोटीत बसणार, कोणाचेही दूध-दुपटे न करता नुसता काठ पाहणार, असे कळले की सारी आळी कावरीबावरी होते. "कायले जाता जी या वयात?"

म्हणजे आक्षेप परदेशाला नाही आणि वयालाही नाही. दोघांनी मिळून सुखाने बसण्याला आहे!

अकोल्याच्या जठारपेठेतले एक जोडपे माझ्या ओळखीचे आहे. गृहस्थ ७१ वर्षांचे, बाई ६८ वर्षांच्या. दोघांनी आपल्या साठवणीतून जर्मनीतल्या पासाऊपासून बुडापेस्टपर्यंतचा नदीप्रवास ठरविला. बातमी फुटताच पहिला सल्ला आला काशीयात्रेचा. काशी त्यांची दोनदा झाली आहे. दुसरा सल्ला मुलाकडून आला: "आई, तेवढ्या पैशांत इथले घर नीट करून घ्या ना." घर कोणासाठी नीट करावयाचे, हे त्याने सांगितले नाही. बाईंनीही विचारले नाही. आमच्या पिढीच्या बायका असले प्रश्न विचारीत नाहीत. म्हणून ते मी येथे विचारतो.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. वऱ्हाडातला शेतकरी कर्जापायी गळफास घेतो आणि तुम्ही नौकाविहाराला जाता? हा प्रश्न विचारण्याचा अधिकार मी मान्य करतो, पण तो मंगल कार्यालयाच्या दारातही विचारला असेल तरच. हजार-हजार पानांच्या पंगती, कानठळ्या बसविणारी वरात, एका संध्याकाळीत उडालेले लाखो रुपये; तेथे कोणाला शेतकरी आठवत नाही. तरुणांच्या लग्नातला खर्च तेवढा हौसेचा, आणि म्हाताऱ्याने स्वतःच्या पेन्शनीतून केलेला पापाचा? ज्याला पेन्शनच नाही, त्याला हे वाचून राग येईल आणि तो रास्तच आहे. त्याचे भांडण फार मोठे आहे. पण या बाईंचे तिकीट रद्द करून ते जिंकता येणार नाही.

आता या बोटीविषयी. पुष्कळांना वाटते, बोट म्हणजे समुद्रातले ते हजारो माणसांचे जहाज. नदीची बोट निराळी. तिच्यात माणसे दीड-दोनशेच्या आसपास, लाटा नाहीत, पोटात ढवळणे नाही. बॅग एकदा उघडली की आठ दिवस उघडीच, आणि बहुतेक सकाळी नवे गावच दारापुढे येऊन उभे राहते. पंधरा दिवसांत दहा देश दाखविणाऱ्या बसच्या सहली आपले लोक करतात, त्या मी पाहिल्या आहेत. पहाटे पाचला दारावर थाप, गुडघे चोळीत बसमध्ये चढणे, मनोऱ्यापुढे फोटो, पुन्हा बस. डॅन्यूबही दहा देशांतूनच वाहते, काठाशी व्हिएन्नापासून बेलग्रेडपर्यंत चार राजधान्या घेऊन. पण ती आपल्या चालीने वाहते, आणि सत्तरीच्या माणसाची चालही तीच असते.

बांधकाम खात्यात जन्म काढलेल्या माणसाने तर ऱ्हाइनच्या बाजूने यावे. तिकडची माइन नदी आणि डॅन्यूब यांना जोडणारा १७१ किलोमीटरांचा कालवा १९९२ साली पुरा झाला. त्याच्यावर १६ कोठ्या आहेत. चढणीच्या बाजूला बोट एकेका कोठीत शिरते, मागचे दार मिटते, पाणी चढते आणि पाण्याबरोबर अख्खी बोट वर उचलली जाते. अशी चढत चढत ती समुद्रसपाटीपासून ४०६ मीटरांवर पोहोचते, म्हणजे आपल्या अमरावती शहराहूनही उंच! हे पाहावयास मिळणे ही चैन असेल, तर ती आमच्या प्रत्येक निवृत्त ओव्हरसियरला एकदा तरी लाभो.

खरे म्हणजे बोटीचे आणि वऱ्हाडचे नाते जुनेच आहे. १८७० साली लॉर्ड मेयोने खामगावच्या रेल्वेचे उद्घाटन केले, ते कापसासाठी. गासड्या मुंबईला, तेथून बोटीने विलायतेला. आमचा कापूस दीडशे वर्षांपूर्वी बोटीत बसला. माणसांना मात्र काहीतरी थोर कारण दाखवावे लागले. पंजाबराव देशमुख गेले ते शिकावयास. तुकडोजी महाराज १९५५ साली जपानला गेले ते विश्वधर्म परिषदेसाठी. आजची मुले जातात ती कमवावयास. सारे योग्यच. पण नुसते पाहावयास जावे, हे कारण आम्ही अजून कारण मानीतच नाही.

आणि पाहून येणाऱ्यांनाच काही विचारता येते. १ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझेलजवळ रसायनांच्या गुदामाला आग लागली, विझविण्याच्या पाण्याबरोबर विष ऱ्हाइनमध्ये उतरले, नदी तांबडी झाली, मासे मेले. काठावरचे देश हादरले. पुढच्याच वर्षी त्यांनी नदी सुधारण्याची योजना आखली आणि सामन मासा परत आणावयाचा, असे उद्दिष्ट ठेवले. मासा आला. आमच्या अकोल्यातही जानेवारी २०१८ मध्ये हजारो माणसे मोर्णेच्या पात्रात उतरली, हातांनी जलपर्णी ओढून काढली. त्या उत्साहाची खबर थेट पंतप्रधानांच्या भाषणात गेली. परंतु शहराचे सांडपाणी पात्रात पडत राहिले, तर जलपर्णी उगवणारच. तिला भाषण कळत नाही. ऱ्हाइनच्या काठी आठ दिवस बसून आलेला म्हातारा उद्या महापालिकेत जाऊन विचारील, की बाबांनो, हा नाला कोठे सोडला आहे? त्याला वेळ भरपूर आहे, बदलीची भीती नाही, आणि वाटेल तितक्या वेळा परत येण्याची त्याची तयारी आहे.