पाचोळा म्हणजे कचरा नव्हे

फेब्रुवारी लागला की कोल्हापूरच्या पश्चिमेचे डोंगर रात्री पेटलेले दिसतात. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, सगळीकडे तेच. विचारलं की उत्तर ठरलेलं, "गवत चांगलं येतं." एवढ्यावर डोंगर जाळणं मला मान्य नाही.

राधानगरीचं जंगल १९५८ साली गव्यासाठी अभयारण्य झालं. २०१२ साली ते पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. गवा दिसला की आपण फोटो काढतो. पण त्याच्या पायाखालचा पाचोळा जरा उचलून बघा. हात लावताच पैशासारखी गुंडाळणारी वाणी, वाळवी, डोळ्यांना जेमतेम दिसणारे माइट आणि उड्या मारणारे स्प्रिंगटेल तिथं राबत असतात. वाणी पान कुरतडते. त्या चुऱ्यावर, तिच्या विष्ठेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. स्प्रिंगटेल ती बुरशी खातात. असं करत पानातला नत्र, स्फुरद, कॅल्शियम पुन्हा मुळांपर्यंत पोचतो. घाटातल्या धुवाधार पावसात जांभ्या मातीत खत टिकत नाही. तिथं जंगलाची बरीचशी पुंजी झाडातून पाचोळ्यात, पाचोळ्यातून झाडात फिरत असते.

वणव्यात हे कामकरीच जळतात. नत्र धुराबरोबर उडतो. राखेमुळे गवत हिरवं दिसतं खरं, पण उतारावरची बरीच राख पहिल्या वळवात ओढ्याला जाते. याला मशागत नाही, मुद्दल खाणं म्हणतात.

दुसऱ्यांना बोलण्याआधी आपलं बघू. शब-ए-बरातच्या आधी कब्रस्तानाची सफाई होते. ती व्हावीच. पण पाचोळ्याचा ढीग करून काडी कशाला लावायची? तो झाडांच्या बुंध्याशी लोटा, माती त्याचं सोनं करेल. आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या कित्येक देवरायांत वाळकं पानही उचलायचं नाही असा दंडक होता. तो शिकण्यात कमीपणा कसला?

कुरआनात एका सूरेचं नावच 'नम्ल', म्हणजे मुंगी. हजरत सुलेमान यांचं सैन्य आपल्याला नकळत चिरडेल, म्हणून ती मुंगी बाकीच्यांना घरात शिरायला सांगते. हे आपण लहानपणी मदरशात शिकलो. ते सैन्य नकळत चिरडणार होतं. आपण मात्र हातात काडीपेटी घेऊन, बघून सवरून जाळतो.