राखेवरचा नेचा

नागपूरहून सावनेर-छिंदवाड्याच्या रस्त्याला लागले की शहर संपता संपता कोराडीच्या चिमण्या दिसू लागतात. एका अंगाला जगदंबेचे देवस्थान आणि विस्तीर्ण तलाव, दुसऱ्या अंगाला औष्णिक वीज केंद्र. नवरात्रात देवीच्या दर्शनाला लोटणारी गर्दी आणि वर्षाचे बारा महिने धूर सोडणाऱ्या चिमण्या यांचा शेजार आता पन्नास वर्षांचा झाला. केंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. १२० मेगावॉटचे ते सुरुवातीचे चार संच केव्हाच बंद पडले आणि २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॉटचे तीन राक्षसी संच येथे उभे राहिले. वीज वाढली, आणि विजेची जुळी बहीण जी राख, तीही वाढली.

या राखेचा हिशेब घरच्या घरी करता येतो. आपल्याकडच्या औष्णिक केंद्रात एक युनिट विजेसाठी ढोबळ मानाने पाऊण किलो कोळसा लागतो आणि भारतीय कोळशात तीस ते चाळीस टक्के राख असते. म्हणजे युनिटमागे पाव किलो राख. छताचा पंखा तेरा-चौदा तास फिरला की एक युनिट होते. महिन्याला दोनशे युनिट जाळणारे मध्यमवर्गीय कुटुंब दर महिन्याला पन्नास किलो राख, म्हणजे गव्हाचे एक भरलेले पोते, कुठेतरी नेऊन टाकत असते. हे 'कुठेतरी' म्हणजे आपल्यापुरते कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर. मुंबई-पुण्यातल्या दिवाणखान्यातला पंखा फिरतो आणि राख विदर्भातल्या तुळशीच्या पानावर बसते, याचे दुःख इकडच्या माणसाने किती वेळा सांगायचे?

या राखेवर एक उपाय अधूनमधून चर्चेत येतो, आणि तो मोठा मोहक आहे. एक नेचा म्हणे जमिनीतले विष खाऊन टाकतो. तो लावा, राखेचे डोंगर हिरवे होतील, विषही जाईल. 'प्रदूषण खाणारी वनस्पती' असा मथळा कोणाला आवडणार नाही? पण त्या नेच्याची खरी ओळख करून घेतल्याशिवाय त्याच्या गळ्यात ही माळ घालणे बरे नव्हे.

नेचे म्हणजे फुले, फळे, बिया यांच्या भानगडीत न पडणारी वनस्पती. सहलीला गेलेली मुले पानाची पांढरी बाजू मनगटावर दाबून नक्षी उमटवतात, तो रुपेरी नेचा सर्वांच्या ओळखीचा. आपला नेचा त्याचाच दूरचा भाऊबंद, 'टेरिस' या प्रजातीतला. लिनिअसने १७५३ साली नोंदवलेल्या या प्रजातीत आज अडीचशेहून अधिक जाती मोजल्या जातात आणि त्यांतल्या बहुतेक उष्ण कटिबंधात राहतात. नावाचे मूळ ग्रीक, पंख किंवा पीस या अर्थाच्या शब्दातले. पान पाहिले की नाव पटते. मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पिसासारखी दले असतात. खोड जमिनीलगत, आखूड, खवल्यांनी झाकलेले. कोवळे पान घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले वर येते आणि सावकाश उलगडते.

या प्रजातीची खरी खूण मात्र पानाच्या कडेला असते. इतर अनेक नेच्यांत पानामागे तपकिरी ठिपके दिसतात. त्या बीजुकांच्या डब्या. टेरिसमध्ये ठिपके नसतात, तर पानाच्या कडेने सलग तपकिरी रेघ धावते आणि पानाची कडच आत मुडपून तिच्यावर पांघरूण घालते. साडीचा काठ दुमडून हातशिलाई घालावी, तसे. डब्या पिकून फुटल्या की धुळीसारखी बीजुके वाऱ्यावर जातात. ओल मिळाली की बीजुकातून आधी नेचा उगवतच नाही, उगवतो नखाएवढा, हृदयाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा. त्यावर नर आणि मादी पेशी तयार होतात. पाण्याच्या थेंबातून पोहत नरपेशी मादीपेशीपर्यंत जाते, आणि मग कुठे खरा नेचा जन्माला येतो. एका थेंबाची सोय नसेल तर सगळे मुसळ केरात. विदर्भाच्या उन्हाळ्यात नेचे फारसे का दिसत नाहीत आणि नागपूरच्या महाविद्यालयांतले वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी त्यांच्यासाठी पचमढीची वाट का धरतात, याचे उत्तर त्या थेंबात आहे.

पण याच प्रजातीत एक हट्टी पोर निघाले आहे. 'टेरिस व्हिटाटा' त्याचे नाव. इतर नेच्यांना सावली, ओल, मऊ माती लागते. याला ऊन चालते आणि चुना तर आवडतोच. जुन्या विहिरीच्या बांधकामात, पडक्या वाड्याच्या चुन्याच्या भिंतीत, पुलाच्या सांध्यात हा रुजतो. अरुंद, लांब दले, टोकाकडची सर्वांत लांब, खाली खाली आखूड होत गेलेली, आणि शेंड्याला एकच लांबलचक दल. वाडा रंगवायला काढला की गवंडी पहिल्यांदा त्यालाच खरवडून टाकतो.

या खरवडून टाकण्याच्या लायकीच्या झाडाने २००१ साली शास्त्रज्ञांना थक्क केले. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाच्या लीना मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून रसायने चढवणाऱ्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर हा नेचा मजेत वाढताना पाहिला. तिथली माती आर्सेनिकने, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत सोमलाने, भरलेली होती. बाकी झाडे जिथे माना टाकतात तिथे हा नेचा नुसता जगत नव्हता, तर मातीतला सोमल उपसून पानांत साठवत होता. प्रयोगशाळेत मुद्दाम सोमल मिसळलेल्या मातीत वाढवला तेव्हा वाळलेल्या पानांच्या एका किलोमागे बावीस ग्रॅमहून अधिक आर्सेनिक सापडले. माणसाच्या जिवाला एका ग्रॅमचा अंशही पुरतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळेल. 'नेचर' या नियतकालिकात तो निबंध आला आणि चुन्याच्या भिंतीतला हा उपरा जगप्रसिद्ध झाला.

तो हे कसे साधतो? रसायनांच्या तक्त्यात फॉस्फरस आणि आर्सेनिक एकाच रांगेतले सख्खे शेजारी. झाडाला फॉस्फरस हवा असतो. तो आत घेण्याच्या दारातून तोंडावळ्याने सारखा असलेला सोमल शिरतो. इतर झाडे त्याला मुळांतच अडवून धरतात आणि शेवटी त्यानेच मरतात. हा नेचा त्याला सरळ पानांत पाठवतो आणि पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत कोंडून ठेवतो. ते कोंडण्याचे काम करणारे जनुकही २०१० साली सापडले. सपुष्प वनस्पतींच्या वंशात ते उरलेले नाही. त्याला या विषाचा उपयोगही असावा, कारण सोमल साठवलेली पाने नाकतोडे खायला नाखूश असतात, असे दिसून आले आहे.

येथे थोडे आडवळण घेतो, कारण ते नागपूरचेच आहे. कोराडीत जळणारा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहूनही जुन्या, गोंडवनातल्या जंगलांचा. त्या जंगलांतल्या मुख्य झाडाचे नाव 'ग्लॉसॉप्टेरिस', म्हणजे जिभेच्या आकाराचा नेचा. १८४५ साली नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही उभे आहे, यांनी कामठी आणि सिलेवाडा भागातल्या खडकांतून या पानांचे ठसे गोळा केले. लंडनमध्ये बनबरी यांनी १८६१ साली त्यांचे वर्णन छापले. गंमत अशी की हे झाड नेचा नव्हतेच. पानांवरून फ्रेंच शास्त्रज्ञ ब्रॉन्यार यांनी १८२८ साली तसे नाव ठेवले. त्याला बिया होत्या, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. म्हणजे नावापुरत्या नेच्याचा कोळसा आपण जाळला आणि त्याची राख निस्तरायला आता खऱ्या नेच्याला बोलावणे पाठवत आहोत!

आता मूळ प्रश्न. दगडी कोळशात आर्सेनिक, पारा, शिसे ही द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. कोळसा जळतो, ती बरीचशी राखेत उतरतात. राख बहुधा चुनखडीसारखी अल्कधर्मी, म्हणजे आपल्या नेच्याच्या आवडीची. औष्णिक केंद्रांच्या राखेजवळ उगवलेल्या टेरिस व्हिटाटावर आपल्या देशात अभ्यासही झाले आहेत. तेव्हा हा नेचा राखेवर लावावा काय?

माझे मत असे की सरसकट लावू नये, आणि हे मत नेच्याबद्दलच्या आदरापोटीच आहे.

पहिली गोष्ट, झाड विष खात नाही. ते विष जमिनीतून उचलून पानात ठेवते, एवढेच. पान वाळून गळले की विष पुन्हा जमिनीवर, तेही आता पृष्ठभागावर, जनावराच्या तोंडाच्या उंचीवर. राखेच्या तलावांच्या कडेने गुरे चरतात, बाया सरपण वेचतात. खोल राखेत पडून असलेला सोमल हिरव्या पानात वर आणून ठेवणे ही सफाई नव्हे. या नेच्याची शेती करायची तर पाने वेळच्या वेळी कापली पाहिजेत, मोजली पाहिजेत आणि घातक कचरा म्हणून कुलपात ठेवली पाहिजेत. कापणी नसेल तर लागवड नको, इतका हा सोपा नियम आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. फ्लोरिडात याच नेच्याच्या लागवडीने मातीच्या वरच्या वीतभर थरातले आर्सेनिक किलोमागे १९० मिलिग्रॅमवरून १४० वर आणायला दोन वर्षे लागली. तीही वीतभर थरात. राखेचे ढीग पुरुष-दोन पुरुष नव्हे, त्याहून कितीतरी खोल असतात. शिवाय आपल्या राखेत आर्सेनिकचे प्रमाण त्या कारखान्याच्या मातीपेक्षा सहसा कमी, म्हणून पानांतला साठाही कमी. आणि पारा, शिसे यांच्या बाबतीत या नेच्याची ख्याती नाही. एका विषाचा वैद्य दुसऱ्यावर चालत नाही.

राख उडू नये म्हणून तिला झाकायचे असेल तर त्याचा धडा परगावी शोधायची गरज नाही. कोराडीच्या शेजारी खापरखेड्याला, नागपूरच्याच 'नीरी' या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दहा हेक्टर राखेवर शेणखत, मुळांवर वाढणारी उपकारक बुरशी आणि नत्र धरणारे जिवाणू घालून झाडे उभी केली. २००८ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला आहे. राखेला नत्र नसते, जीव नसतो. हेक्टरी पन्नास टन शेणखत घातल्यावर तो येतो. यात चमत्कार नाही, म्हणून त्याचे मथळे होत नाहीत. पण काम झाले.

नेच्याचा खरा उपयोग नेमक्या जागी आहे. जिथे मातीत किंवा पाण्यात सोमल खरोखर जास्त आहे हे तपासणीत सिद्ध झाले आहे, तिथे कुंपण घालून, जबाबदार माणूस नेमून, तो लावावा. त्याआधी तपासणी हवी, आणि तपासणीचे आकडे गावाला मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर दिसायला हवेत.

जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला. राखेचा चिखल शेतांत आणि नाल्यांत पसरला. या भागाचे नाले कोलार आणि कन्हान नद्यांना मिळतात आणि कन्हानचे पाणी नागपूरकर पितात. त्या दिवशी बांधावर हजारो नेचे डोलत असते तरी बांध फुटलाच असता. बांधाला अभियंता लागतो, देखरेख लागते, पावसाळ्यापूर्वीची पाहणी लागते. राखेच्या वापराची पहिली अधिसूचना केंद्र सरकारने १९९९ च्या सप्टेंबरात काढली. मुदती पुढे ढकलत ढकलत ३१ डिसेंबर २०२१ ला नवी आली, तीत राखेच्या शंभर टक्के वापराचे बंधन आणि कसूर झाल्यास भरपाईची तरतूद आहे. विटा, सिमेंट, रस्त्यांचे भराव यांत राख गेली पाहिजे आणि साठलेल्या जुन्या राखेचाही हिशेब लागला पाहिजे. हे ज्यांचे काम आहे त्यांना 'आम्ही हरित पट्टा केला' असे सांगण्यासाठी एखादा नेचा हाताशी देणे मला धोक्याचे वाटते.

कोराडीच्या जवळपासच्या शाळांतील विज्ञानाच्या शिक्षकांना मात्र एक सुचवावेसे वाटते. पावसाळ्यात मुलांना जुन्या विहिरीपाशी, चुन्याच्या भिंतीपाशी न्यावे आणि पान उलटून काठाची ती तपकिरी शिवण दाखवावी. पान तोंडात घालू नये, हेही त्याच वेळी सांगावे. त्याच मुलांनी आपल्या गावच्या विहिरीच्या पाण्याचा नमुना कोणी, केव्हा तपासला, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारून वहीत लिहून आणावे.